फ्युशियाला नाव देणारा साधू आणि भंडाऱ्याच्या अंगणातला चाफा

भंडारा असो, तुमसर असो की पवनी, मोबाईलवर रोपांच्या जाहिराती सगळीकडे सारख्याच येतात. झुमक्यासारखं लोंबणारं लाल-जांभळं फूल दिसतं, खाली नाव असतं फ्युशिया, आणि आपलं बोट लगेच ऑर्डरच्या बटणाकडे जातं.

ऑर्डर करण्याआधी शार्ल प्लुमिए या माणसाची गोष्ट वाचा. कारण या फुलाला नाव त्यानेच दिलं.

प्लुमिएचा जन्म १६४६ सालचा, फ्रान्सच्या मार्सेल बंदरातला. सोळाव्या वर्षी तो मिनिम या ख्रिस्ती पंथाचा साधू झाला. गणित शिकला, चित्रकलेत हात बसवला. कातकामात तर इतका तरबेज झाला की १७०१ साली त्यावर त्याने पुस्तकच लिहिलं. पुढे रोमला गेला आणि तिथे त्याला झाडांचा नाद लागला तो कायमचा.

१६८९ साली फ्रान्स सरकारने त्याला कॅरिबियन बेटांवर धाडलं. काम इतकं चोख होतं की १६९३ मध्ये चौदाव्या लुईने त्याला राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ नेमलं. त्यानंतर त्याने आणखी दोन सफरी केल्या.

तिसऱ्या सफरीत त्याला हिस्पानियोला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकच्या भूमीवर, लांबट नळीसारख्या केशरी-लाल फुलांचं एक झुडूप दिसलं. १७०३ च्या ग्रंथात त्याने त्याला फ्युशिया हे नाव दिलं. ते लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ होतं. फुक्सला जाऊन तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती.

स्वतःचं नाव मागे ठेवायची त्याची धडपड नव्हती. बेगोनिया, मॅग्नोलिया, लोबेलिया ही नावंही त्याचीच, आणि तीही दुसऱ्यांच्या सन्मानार्थ.

१७०४ मध्ये तो सिंकोनाच्या शोधात पेरूला निघाला. स्पेनमध्ये कादिझजवळच्या बंदरात जहाजाची वाट बघत असतानाच तो वारला. मागे राहिली सुमारे सहा हजार चित्रं.

त्याने पाहिलेलं ते झुडूप तर जवळपास १७० वर्षं कोणाच्या हाती लागलं नाही. १८७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या टॉमस हॉग यांनी ते पुन्हा मिळवलं आणि साधूचं चित्र खरं ठरलं.

आता भंडाऱ्याकडे या.

फ्युशिया थंड, दमट डोंगराळ हवेचं झाड. उटी, दार्जिलिंगला ते खुलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे ते टिकत नाही. हौसच असेल तर हिवाळ्यापुरतं कुंडीत, सकाळचं ऊन लागेल असं ठेवा. जात निवडताना भरगच्च दुहेरी पाकळ्यांची टाळा. प्लुमिएला सापडलेल्या ट्रायफिला गटातली, लांब नळीच्या फुलांची जात घ्या. इतरांपेक्षा ती ऊन थोडं जास्त सोसते. तरी उन्हाळा काढेल याची खात्री धरू नका.

बारमाही झाड हवं असेल तर चाफा लावा. देवळाच्या आवारातल्या पांढऱ्या चाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. टूर्नफोर्टने आणि पुढे लिनियसने ते याच प्लुमिएच्या नावावरून ठेवलं. आणि सोनचाफा? तो मॅग्नोलिया, प्लुमिएने नाव दिलेल्या कुळातला.

चाफ्यातही निवड आहे. टोकदार पानांचा, गुलाबी-लाल छटांचा चाफा हिवाळ्यात पानं गाळतो. गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा बहुतेक वर्षभर हिरवा राहतो. नागफण्यासारख्या पानांचा प्युडिका कुंडीतही भरपूर फुलतो, पण त्याला वास जवळपास नसतो.

फांदी उन्हाळ्यात कापा. चीक त्वचेला लागू देऊ नका. आठवडाभर सावलीत सुकवून मग लावा आणि बुडाशी पाणी साचू देऊ नका. धानाच्या बांधीसारखी चिकण माती असेल तर आधी उंचवटा करून घ्या. भंडाऱ्यात चाफा उन्हाने मरत नाही, पावसाळ्यात मुळं कुजून मरतो.