काझीची तौबा आणि सुलतानाची तौबा

रमजानचा दुसरा अशरा मगफिरतीचा. जळगाव-धुळ्याच्या मशिदींत तरावीहनंतर दुआसाठी हात उठतात तेव्हा आपण सगळेच माफी मागतो. पण माफी मागणं नेमकं कुठून सुरू होतं, हे पाहायचं तर आम्हाला हजरत जैनुद्दीन शिराझी (र.अ.) आठवतात. धुळ्याहून औट्रम घाट चढून कन्नड, वेरूळमार्गे गेलं की खुलताबादला त्यांचा दर्गा लागतो.

शिराझमध्ये हिजरी ७०१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. मक्केवरून ते दिल्लीला आले, तिथे शिकले आणि पुढे आपल्या उस्तादांसोबत दौलताबादला पोहोचले. तिथे ते काझी झाले. इल्म मोठं आणि त्याचा रुबाबही. त्याच गावात हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हाणुद्दीन गरीब (र.अ.) राहत होते आणि त्यांच्या मजलिशीत समा व्हायचा. काझीसाहेबांना तो मुळीच पसंत नव्हता, त्यावर ते उघड टीका करायचे. असं सांगतात की एकदा ते मनात अवघड सवाल घेऊन तिथे गेले आणि त्यांनी विचारण्याआधीच बोलता बोलता जवाब मिळत गेले. मग त्यांनी आपली चूक कबूल केली आणि ज्यांच्यावर टीका केली त्यांच्याच हातावर बैअत घेतली.

दारू-जुगारापासून तौबा करणारे आपण पाहतो. पण चारचौघांत विद्वान म्हणून मान असताना, मी चुकलो, हे त्याच चारचौघांत कबूल करायचं? आम्हाला ही तौबा जास्त जड वाटते. आपल्याकडे भावाभावांत अबोला असतो, एकाच जमातीत दोन गट असतात, आणि ईद आली तरी पहिला सलाम कुणी करत नाही.

पुढे बहमनी सुलतान मुहम्मद शाह पहिला (१३५८ ते १३७५) तख्तावर आला. तो दारू पितो म्हणून हजरतांनी त्याच्या बैअतीला नकार दिला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की सुलतानाने त्यांना शहर सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा ते जानमाज घेऊन थेट आपल्या पीरांच्या मजारीपाशी जाऊन बसले. अखेर सुलतानच नरमला. हजरतांची मागणी मोजकी होती: दारूचे गुत्ते बंद करा, लोकांसमोर पिणं सोडा. गुत्ते बंद झाले. त्याच सुमारास रस्त्यावरच्या लुटारूंची हजारो मुंडकी उतरवली गेली, असंही फिरिश्ता सांगतो. तो भाग वाचताना आमचं मन कचरतं. तरी सुलतानाने नुसत्या तोंडाने माफी मागितली नाही, दारूची दुकानं उठवली, एवढं खरं.

हिजरी ७७१, म्हणजे १३६९ मध्ये हजरतांचा इंतकाल झाला. त्यांनी कुणालाही खलिफा नेमलं नाही. चिश्ती सिलसिल्यातले बाविसावे म्हणून लोक त्यांना बाईस ख्वाजा म्हणतात. १७०७ मध्ये औरंगजेबाला त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं गेलं, वर छत नसलेल्या साध्या कबरीत.

आणि आपलं खानदेश? फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा त्यांचा मुरीद होता. त्याला मिळालेला खिरका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, जपला गेला असं म्हणतात. तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर वसलं ते पीरांच्या नावाने, समोरच्या काठावर जैनाबाद मुरीदाच्या. मलिक राजा मात्र आपल्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला राहिला. फारुकींच्या कबरी तिथे आजही आहेत.