मोर्सला व्हायचं होतं चित्रकार!

मोर्स कोड म्हटलं की आपल्याला टिंबं आणि रेघा आठवतात. पण १७९१ साली अमेरिकेत जन्मलेल्या सॅम्युअल मोर्सला लहानपणापासून नाद होता चित्रांचा. येल कॉलेजात असताना तो लोकांची छोटी चित्रं काढून पैसे मिळवायचा. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत रीतसर शिकला.

१८२५ मध्ये वॉशिंग्टनला तो एका चित्राच्या कामात होता, तेव्हा इकडे न्यू हेवनला त्याची बायको वारली. पत्र मिळून तो घरी पोचला, तोवर दफनही उरकलं होतं. या दुःखातूनच तारयंत्र जन्मलं असं बरेच जण सांगतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही, कारण त्यानंतरही तो कित्येक वर्षं चित्रंच काढत होता. विजेने निरोप पाठवायची कल्पना त्याला सुचली १८३२ मध्ये, युरोपातून परतताना जहाजावरच्या गप्पांमध्ये. १८३७ मध्ये संसदेच्या इमारतीतल्या भव्य चित्राचं काम हुकलं आणि ब्रश सुटला तो सुटलाच.

पण त्याचं सुरुवातीचं यंत्र बघा. कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवरच त्याने ते बसवलं होतं! तारेतून वीज आली की विद्युतचुंबक पेन्सिल हलवायचा आणि सरकत्या कागदावर खूण उमटायची. म्हणजे मला विचाराल, तर ते चित्र काढणारंच यंत्र होतं. १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून सुमारे ६४ किलोमीटरवरच्या बाल्टिमोरला निरोप क्षणात पोचला. बायको जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती.