सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस

धाराशिवाहून तुळजापुरावरून खाली उतरत गेले म्हणजे जे गिरण्यांचे म्हणून नावाजलेले शहर लागते, त्या सोलापुरात ता. १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. घर सामान्य स्थितीचे. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील परीक्षेच्या तयारीत होते. अशा तरुणाकडे घरच्या माणसांचे डोळे लागलेले असावेत हे स्वाभाविकच होय.

इतक्यात, जपानच्या आक्रमणाने गांजलेल्या चीनला साह्य म्हणून राष्ट्रीय सभेने पाच वैद्यांचे पथक पाठविण्याचे ठरविले. सुभाषचंद्र बोस त्या वेळी सभेचे अध्यक्ष होते. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी आणि आपले कोटणीस असे पाच जण सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

चुंगकिंग येथे असता वडील वारल्याची वार्ता त्यांना कळली. तेथूनच ते माघारी वळते तर कोणीही बोल लावला नसता. सोलापुरास आई होती, भावंडे होती. तथापि ते पुढेच गेले व फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. या निश्चयाची थोरवी आपण गातो. परंतु त्याचे मोल घरच्यांनीही दिले, ही गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात रुग्णालय म्हणजे खेड्यातील घरे. औषधे तुटपुंजी, हत्यारे अपुरी, आणि शत्रू जवळ आला की रोग्यांसह सर्व बिऱ्हाड हलवावयाचे. कॅनडाचे प्रख्यात शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून याच मुलखात शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन १९३९ साली निवर्तले होते. १९४० च्या एका लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. त्यांपैकी तीन दिवस तर डोळ्यास डोळा लागला नाही. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. विद्यार्थ्यांस ते चिनी भाषेतून शिकवीत. दोन-अडीच वर्षांपूर्वी जो स्वतः उमेदवार होता, तोच आता शिकवीत होता!

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची क्वो छिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी ओळख झाली. १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव इनव्हा ठेविले, म्हणजे भारत आणि चीन. हा संसार जेमतेम एक वर्ष टिकला. अपस्माराचे झटके येत असूनही शस्त्रक्रियेवरील ग्रंथाचे लेखन त्यांनी थांबविले नाही, आणि ता. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्या विकारानेच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटात त्यांना साथीच्या रोगाने ग्रासल्याचे दाखविले आहे, ते कल्पित होय.

क्वोबाई पुढे भारतात अनेकदा येऊन सासरच्या माणसांस भेटल्या. त्या २०१२ साली वारल्या. इनव्हा मात्र, पित्याप्रमाणे वैद्यक शिकत असतानाच, १९६७ साली निवर्तला.