वाळूवर वाट काढणारे बॅगनॉल्ड

थंडीचे दिवस सुरू झाले की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर परिसरातील मोटारवेड्यांना राजस्थानचे वेध लागतात. एरवी पश्चिम द्रुतगती महामार्गावर वा लालबहादूर शास्त्री मार्गावर मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या त्यांच्या दणकट गाड्या चार-सहा दिवसांची रजा साधून जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्या गाठतात. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधील हवा कमी केली जाते. गाड्या एकट्यादुकट्या नव्हे, तर तांड्याने निघतात. एखादी रुतलीच तर तिच्या चाकांखाली लांब पट्ट्या सरकवून सारे मिळून ती बाहेर काढतात. सराईत मंडळी या गोष्टी अगदी सवयीने करतात. मात्र यातील बऱ्याच युक्त्यांना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इजिप्तमधील मूठभर तरुण अधिकाऱ्यांनी, स्वतःच्या खिशाला खार लावून आणि रजेचे दिवस वेचून, पक्के रूप दिले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या मंडळींचे म्होरके होते राल्फ बॅगनॉल्ड.

राल्फ अल्जर बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील लष्करातील अभियंते होते. खार्टूममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी १८८४ साली नाईल नदीतून निघालेल्या मोहिमेत त्यांचा सहभाग होता. त्यामुळे वाळवंटाच्या कथा राल्फच्या कानावर लहानपणीच पडल्या. त्यांची थोरली बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आली. राल्फना मात्र हत्यारे, यंत्रे आणि वस्तू उघडून पाहण्याचा नाद होता. वूलिच येथील लष्करी अकादमीतून बाहेर पडून १९१५ साली ते अभियंता दलात दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धाची तीन वर्षे त्यांनी फ्रान्स व बेल्जियमच्या चिखलात काढली. युद्ध संपल्यावर केंब्रिज येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. नंतर संदेशवहन दलात बदली होऊन ते १९२६ साली इजिप्तमध्ये आले. तेथेच त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले.

कैरोच्या छावणीतील संध्याकाळी पोलो, पत्ते आणि मेजवान्यांत सरत असत. बॅगनॉल्ड यांना त्यात गोडी नव्हती. नाईलच्या पश्चिमेला शहर संपते तेथेच वाळवंट सुरू होते आणि ते थेट अटलांटिकपर्यंत पसरत जाते. नकाशावर त्याचा मोठा भाग कोराच होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गस्ती तुकड्यांनी फोर्डच्या हलक्या गाड्या या वाळवंटाच्या कडेने फिरवल्या होत्या. इजिप्तच्या अहमद हसनैन यांनी १९२३ साली उंटांच्या काफिल्याने दूरचा उवेनात पर्वत गाठला होता. परंतु वाळूच्या उंच टेकड्यांच्या प्रदेशात मोटार नेणे शुद्ध वेडेपणाचे मानले जाई. बॅगनॉल्ड आणि त्यांच्या मित्रांनी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या विकत घेतल्या, त्यांचे अनावश्यक भाग काढून टाकले आणि सुट्यांमध्ये सिनाई, पेट्रा, सिवा अशा खेपा सुरू केल्या. त्या काळी फोर-व्हील-ड्राइव्हची चैन नव्हती. शक्ती मिळे ती फक्त मागच्या दोन चाकांना.

प्रत्येक खेपेत एक नवी अडचण पुढे येई आणि परतल्यावर तिच्यावर तोडगा शोधला जाई. इंजिन तापले की रेडिएटरमधील पाणी वाफ होऊन उडून जाई. वाळवंटात असे पाणी गमावणे म्हणजे प्राण गमावण्यासारखेच. यावर गाडीच्या पायरीवर अर्धा पाण्याने भरलेला डबा बसवून रेडिएटरची वाफ नळीने त्यात सोडण्याची योजना झाली. वाफेचे पुन्हा पाणी होई, आणि गाडी वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी केली की ते पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. दिशेचा प्रश्न आणखी अवघड होता. गाडीतील लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र भरकटे, आणि अचूक दिशा पाहायची तर दर वेळी खाली उतरून गाडीपासून दूर जावे लागे. बॅगनॉल्ड यांनी आपल्या पद्धतीचे सूर्यहोकायंत्र तयार केले. अंश कोरलेल्या आडव्या तबकडीच्या मध्यभागी उभी सुई असे आणि तिची सावली कोणत्या अंशावर पडते हे पाहत चालक धावत्या गाडीतही दिशा राखू शके. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन नकाशावरील जागा निश्चित केली जाई.

रुतलेली गाडी काढण्यासाठी लागणारे साधन तर भंगारात सापडले. महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनवलेले पोलादी पन्हाळी पत्रे कैरोच्या जुन्या सामानाच्या दुकानात पडून होते. तेच मागच्या चाकांखाली घालता येतात हे बॅगनॉल्ड यांनी हेरले. पुढच्या चाकांसाठी दोरखंडाच्या शिड्या आल्या. टायरमधील हवा कमी केली की टायर पसरट होतो, गाडीचे वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक वाळूत खोल जात नाही, हा अनुभवही पक्का झाला. समच्या टेकड्यांवर आज वापरल्या जाणाऱ्या पट्ट्या या त्या पन्हाळी पत्र्यांच्याच वंशातल्या आहेत.

हा छंद एकट्याने करण्याचा नव्हता, आणि त्यामागे नुसती दोस्ती नव्हती. एकटी गाडी बिघडली तर माणसे तहानेने मरणार हे उघड होते. गाड्या दोन वा अधिक असल्या तर एक सोडून देऊन दुसरीतून परतता येते. म्हणून पाणी मोजून, पेट्रोलचा हिशेब गॅलनवारी आणि सुटे भाग वाटून घेऊन ही मंडळी निघत. खर्च ज्याचा त्याने करायचा आणि कामे सर्वांनी वाटून घ्यायची. बिल केनेडी शॉ हे पुरातत्त्वाचे आणि वनस्पतींचे जाणकार, डग्लस न्यूबोल्ड सुदानमधील प्रशासक, तर गाय प्रेंडरगास्ट रणगाडा दलातील अधिकारी. या साऱ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती: पुढच्या टेकडीपलीकडे काय आहे हे पाहण्याची उत्सुकता.

१९२८ साली बॅगनॉल्ड यांची बदली हिंदुस्थानात, वायव्य सरहद्द प्रांतात झाली. तरीही छंद सुटला नाही. रजा काढून ते पुन्हा इजिप्तमध्ये आले आणि १९२९ व १९३० साली ‘ग्रेट सँड सी’ अर्थात वाळूच्या महासागरात त्यांनी गाड्या घातल्या. येथे वाळूच्या शंभर मीटरपर्यंत उंचीच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर एकामागून एक अशा या रांगा ओलांडाव्या लागतात. बॅगनॉल्ड यांनी त्यांतील एका रांगेवर गाडी सरळ आणि पूर्ण वेगाने सोडली. गाडी रुतेल किंवा उलटेल असे वाटत असताना ती वर चढत गेली आणि माथ्यावर पोहोचली. वाऱ्याकडील उतारावर वाळूचे कण सतत आदळून घट्ट बसतात, हे त्यामागचे कारण. पलीकडचा उतार मात्र तीव्र आणि भुसभुशीत असतो. म्हणून चढताना वेग सोडायचा नाही आणि माथा आला की आंधळेपणाने पलीकडे झेपावायचे नाही, हा धडा मिळाला. आजही तो विसरणाऱ्यांच्या गाड्या उलटतात.

१९३०च्या मोहिमेतून परतताना वादी हाल्फा येथील एका ग्रीक माणसाच्या मद्यगृहात या मित्रांनी ‘झर्झुरा क्लब’ स्थापन केला. झर्झुरा म्हणजे दंतकथांमधील हरवलेले मरूद्यान. ते कोणालाच सापडले नाही, पण त्याच्या शोधात नकाशावरील कोऱ्या जागा भरत गेल्या. १९३२ साली याच मंडळींनी सुदान आणि चाडच्या सीमेपर्यंत हजारो मैलांची मजल मारली. पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने बॅगनॉल्ड यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. सुटीतील हौसेची अशी दखल क्वचितच घेतली जाते.

पचनाच्या दुर्धर विकारामुळे १९३५ साली बॅगनॉल्ड यांना लष्कर सोडावे लागले. वाळूने मात्र त्यांची पाठ सोडली नव्हती. टेकड्यांना एवढे रेखीव आकार का येतात, त्या सरकतात कशा, काही ठिकाणी वाळू गुणगुणते ती का, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्यांनी लाकूड आणि काचेचा वायुबोगदा बनवला आणि त्यात वाळू सोडून मोजमापे घेतली. वाळूचा कण हवेत ढगासारखा तरंगत नाही, तो उड्या मारत जातो आणि खाली पडताना इतर कणांना उडवतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९३८ साली पुन्हा वाळवंटात जाऊन त्यांनी प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष वादळात पडताळले. या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे १९४४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. वाळवंटांच्या अभ्यासकांना आजही त्या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते.

तोवर दुसरे महायुद्ध भडकले होते. बॅगनॉल्ड यांना पुन्हा सेवेत बोलावून पूर्व आफ्रिकेकडे धाडण्यात आले. पण १९३९च्या ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैद येथे थांबले. हा योगायोग निर्णायक ठरला. बॅगनॉल्ड कैरोत आल्याचे जनरल वेव्हेल यांच्या कानावर गेले आणि त्यांनी या वाळवंटवेड्याला इजिप्तमध्येच ठेवून घेतले. हेच वेव्हेल पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली. तेव्हा शत्रूच्या पाठीमागे शेकडो मैल आत शिरून टेहळणी करणाऱ्या छोट्या मोटार तुकड्या उभारण्याची बॅगनॉल्ड यांची योजना वेव्हेल यांनी तत्काळ मान्य केली. अवधी मिळाला केवळ सहा आठवड्यांचा.

बॅगनॉल्ड यांनी पहिली गोष्ट केली ती जुने मित्र गोळा करण्याची. शॉ पॅलेस्टाईनमधून आले, वाळवंटाची मोजणी केलेले पॅट क्लेटन टांगानिकातून आले, पुढे प्रेंडरगास्टही येऊन मिळाले. शेव्हरोलेचे ट्रक काही विक्रेत्यांकडून, काही इजिप्शियन लष्कराकडून मिळवले गेले. न्यूझीलंडच्या शेतकरी तरुणांना सूर्यहोकायंत्र, वाफेचा डबा आणि पन्हाळी पत्रे यांचे धडे मिळाले. अशा रीतीने ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ जन्माला आला. सुटीत गंमत म्हणून शिकलेल्या साऱ्या गोष्टी आता जीवन-मरणाच्या झाल्या. ज्या वाळूतून कोणीच येणार नाही असे शत्रूने गृहीत धरले होते, नेमक्या तिथूनच या तुकड्या येत आणि परत जात. १९४१च्या ऑगस्टमध्ये बॅगनॉल्ड यांनी नेतृत्व प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवले. पुढे हिंदी घोडदळाच्या जवानांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही याच धर्तीवर उभे राहिले आणि १९४२ साली लिबियाच्या वाळवंटात उतरले.

मात्र मैत्रीच्या या खेळाला युद्धाने किंमतही मोजायला लावली. क्लेटन १९४१च्या जानेवारीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले. याच वाळवंटात भटकलेला आणि बॅगनॉल्ड यांच्या मंडळींना चांगला ठाऊक असलेला हंगेरियन प्रवासी लाझ्लो आल्माशी जर्मनांच्या बाजूला गेला. १९४२ साली त्याने दोन जर्मन हेर वाळवंटाच्या वाटेने इजिप्तमध्ये आणून सोडले. ज्या वाटा नवलाईपोटी शोधल्या, त्यांवरूनच आता एकमेकांचा माग काढायची वेळ आली होती.

युद्धानंतर बॅगनॉल्ड पुन्हा शास्त्राकडे वळले. नदीच्या पाण्यातून गाळ कसा वाहतो, किनाऱ्यावरील वाळू लाटांनी कशी हलते, यावर ते उतारवयातही काम करत राहिले. मंगळावरील वाळूच्या टेकड्यांची छायाचित्रे हाती आल्यावर, वयाची ऐंशी वर्षे उलटलेल्या बॅगनॉल्ड यांचा सल्ला अमेरिकेच्या ‘नासा’ला घ्यावासा वाटला. २८ मे १९९० रोजी, ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘क्युरिऑसिटी’ हे यान २०१५ साली मंगळावरील ज्या टेकड्यांपाशी पोहोचले, त्यांना ‘बॅगनॉल्ड ड्यून्स’ असे नाव देण्यात आले आहे.

आजच्या गाड्यांची चारही चाके ओढतात आणि उपग्रह क्षणोक्षणी जागा सांगतात. त्यामुळे वाळवंट सोपे झाले आहे असा समज होतो. पण बॅटरी संपली, पाणी संपले वा माथ्यावरचा अंदाज चुकला तर वाळू आजही तितकीच निर्दय आहे. बॅगनॉल्ड यांचे यश गाडीच्या ताकदीत नव्हते. निघण्यापूर्वीचा हिशेब, वाळू समजून घेण्याची चिकाटी आणि मागची गाडी दिसेनाशी झाली तर थांबण्याची शिस्त यांत ते होते. मुलुंड-बोरिवलीहून निघालेला तांडा समच्या वेशीवर थांबून टायरमधील हवा कमी करतो, तेव्हा तो नकळत त्याच शिस्तीत पहिले पाऊल टाकत असतो.