जवारी जाणणारे खाँसाहेब

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ थोर गवई म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ते वाद्यांचे जाणकार कारागीरही होते, हे मात्र कमी जणांना माहीत असते. तंबोऱ्याची जवारी स्वतः लावणाऱ्या गवयांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना गावी झाला. घरात गाणे आणि सारंगी होती. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायले. पुढे मुंबईमार्गे मिरजेत आले आणि तिथलेच झाले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, तर हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करत होते, तेव्हा खाँसाहेबांनी प्रत्यक्ष गाऊन त्यांना मदत केली.

जवारी म्हणजे काय? गिटारची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उताराचा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला, की तार घोडीला जिथे घासते ती जागा बदलते. जागा नेमकी साधली की एकाच तारेतून अनेक सूक्ष्म स्वर गुंजू लागतात. घोडी झिजली, की कानसेने घासून तिचा उतार पुन्हा नीट करावा लागतो. यासाठी हात हलका हवा, आणि त्याहून कान तयार हवा.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या घोडीचे मोठे कुतूहल होते. तार बरोबर मध्यावर छेडली, तर नियमाप्रमाणे दुसरा, चौथा असे सम उपस्वर उमटू नयेत. तंबोऱ्यात ते ऐकू येतात. याचे श्रेय उताराच्या घोडीला जाते, हे त्यांनी १९२१ च्या सुमारास मांडले. कारागिरांनी हाताने साधलेली गोष्ट अशी भौतिकशास्त्रात आली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागले, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोइल या लहान स्टेशनावर उतरले. तंबोरा लावून घेऊन त्यांनी फलाटावरच प्रार्थना गायली, असे सांगतात. २७ ऑक्टोबरला तिथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा हृदयविकाराच्या झटक्यावर फारसा इलाज नव्हता. आज आहे, पण वेळेत पोहोचलो तरच. छातीत दुखत असेल तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.

दुसरी गोष्ट कानाची. आतल्या कानातील शंखाकृती भागात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात त्या साधारण पंधरा हजार. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात आणि मोठ्या आवाजाने बहुधा त्याच आधी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जवारीचे बारीक गुंजन ऐकायला नेमक्या याच पेशी लागतात. सुरुवातीला बोलणे नीट ऐकू येते, त्यामुळे नुकसान लक्षातही येत नाही.

लातूर असो वा नांदेड, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तास न् तास नाचणारी मुले आपण पाहतो. त्यांना स्पीकरपासून लांब ठेवा, कानात बोळे घालायला सांगा. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती धोक्याची सूचना समजा. दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही किंवा कमी ऐकू येऊ लागले, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर आजही कानावर भिस्त ठेवून जवारी लावतात. ती ऐकणारे कान पुढच्या पिढीतही असावेत, एवढी काळजी आपण घेऊ.