कवट्या मोजून गुरूंनाच चुकीचं ठरवणाऱ्या इरावती कर्वे

नांदेड-लातूरकडे मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही. आत्याची मुलगी मात्र बऱ्याच समाजांत चालत नाही. महाराष्ट्रातली ही रीत इरावती कर्वेंनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडली.

जन्म १९०५, ब्रह्मदेशात. शिक्षण पुण्यात. बर्लिनला पीएचडीचे गाइड होते ऑयगेन फिशर. गोरे श्रेष्ठ, हे कवट्यांवरून दिसावं अशी त्यांची अपेक्षा. इरावतींनी कवट्या मोजल्या. तसं काही निघालं नाही आणि त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं! (फिशर पुढे नाझी पक्षात गेले.) १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या, १९७० मध्ये गेल्या.

त्यांनी अभ्यासलेली नाती आज मुलांच्या दवाखान्यात जेनेटिक कौन्सेलिंगवेळी हमखास विचारतात. जनुकांना मामा-आत्या कळत नाही, दोन्हीकडे साधारण आठवा हिस्सा सारखाच. आई-बाबा दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला धोका २५ टक्के.