लोणच्याचा आंबटपणा मोजणारी ट्रूडी

न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून १९३७ साली गर्ट्रूड एलियन रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा ती होती जेमतेम १९ वर्षांची. घरची ट्रूडी. वडील दंतवैद्य, पण १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत होतं-नव्हतं ते गेलेलं. हंटरला फी नव्हती म्हणून शिकता तरी आलं. पुढच्या शिक्षणासाठी तिनं १५ ठिकाणी अर्ज केले, आर्थिक मदत एकानंही दिली नाही. एका प्रयोगशाळेत मुलाखत छान झाली. पण बाईमाणूस असलं की पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही, असं सांगून तिला परत पाठवलं. लक्ष त्यांचं उडणार आणि नोकरी हिची जाणार, आहे की नाही गंमत!

मग काय, थोडे दिवस सेक्रेटरीचा कोर्स, नर्सेसना शिकवणं, बिनपगारी काम. दिवसा शाळेत शिकवून रात्री प्रयोग करत १९४१ साली तिनं मास्टर्सची पदवी मिळवली. युद्धामुळे प्रयोगशाळांत माणसं कमी पडायला लागली, तेव्हा कुठे रसायनशास्त्राचं काम मिळालं. तेही एका किराणा कंपनीसाठी! लोणच्याचा आंबटपणा तपासायचा, मेयोनीजमध्ये पडणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग बघायचा.

पंधराव्या वर्षी तिनं लाडक्या आजोबांना कॅन्सरनं जाताना पाहिलं होतं. १९४१ मध्ये, ज्याच्याशी लग्न करायचं ठरलं होतं तो लेनर्डही गेला. हृदयाच्या अस्तराला जंतुसंसर्ग. पेनिसिलिन काही वर्षं आधी हाताशी आलं असतं तर तो वाचला असता. ट्रूडीनं पुढे लग्न केलंच नाही.

१९४४ साली बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांनी तिला घेतलं. त्यांची कल्पना साधीच, पण फार हुशारीची. पेशी असो, जंतू असो की परोपजीवी, वाढायचं तर डीएनएसाठी कच्चा माल लागतोच; पण तो वापरायची प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. मग त्या मालासारखा दिसणारा खोटा माल पुरवायचा. शत्रू तो उचलतो आणि त्याचं काम अडून बसतं.

यातून मर्कॅप्टोप्युरीन हे औषध निघालं. ल्युकेमिया झालेली लहान मुलं तेव्हा काही महिन्यांत दगावत. १९५३ साली औषधाला मान्यता मिळाली. मुलं बरी दिसायची, आजार पुन्हा उलटायचा, आणि ट्रूडीला ते फार लागायचं. पुढे इतर औषधांच्या जोडीनं मात्र बहुतेक मुलं वाचू लागली. याच गटानं केलेलं पायरिमेथामिन मलेरियावर चाललं, आणि टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीवरही. गर्भाला आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या मेंदूला घातक असा हा जीव.

त्यानंतरचं अ‍ॅझाथायोप्रिन शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतं. जुळ्या भावंडांखेरीज दुसऱ्याची किडनी शरीर स्वीकारत नसे. १९६२ साली या औषधाच्या आधारानं बॉस्टनमध्ये नात्यात नसलेल्या माणसाची किडनी टिकली. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते त्या ल्युपससारख्या आजारांतही ते वापरतात. आणि ल्युपसचे बहुसंख्य रुग्ण बायकाच असतात.

गाउटसाठीच्या तिच्या अ‍ॅलोप्युरिनॉलची आणखी एक गोष्ट. काळा आजार करणारा लीशमानिया ही गोळी स्वतःच गिळतो आणि आत तिचं विष बनवतो! माणसातला काळा आजार एकट्या या गोळीनं बरा होत नाही, कुत्र्यांच्या त्याच आजारात मात्र ती देतात.

पीएच.डी. राहिलीच. संध्याकाळच्या वर्गांना जात होती, पण नोकरी सोडून पूर्णवेळ या, असं डीननी सांगितल्यावर तिनं नोकरी धरली. १९८८ चं नोबेल तिला हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. २१ फेब्रुवारी १९९९ ला ती गेली. मर्कॅप्टोप्युरीन, अ‍ॅझाथायोप्रिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, पायरिमेथामिन ही चारही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत.